उकळलेला बंपर

मिल बंद झाली तेव्हा माझे यजमान ब्लीचिंग खात्यात होते. कोरं कापड सोड्याच्या पाण्यात उकळून पांढरं करायचं, हे त्यांचं काम. गेटला कुलूप लागल्यावरही ते शिफ्टच्या वेळेला घराबाहेर पडत, गेटसमोरच्या चहाच्या गुमटीवर बसत आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला परत येत. मी अडवत नसे. बोलून कुलूप निघणार नव्हतं.

तेव्हा इंदूरच्या रस्त्यांवर नव्या गाड्या दिसू लागल्या होत्या. त्यांचे बंपर प्लास्टिकचे. आमच्या गल्लीतल्या एका भियाचं, इंदुरात भाईला भियाच म्हणतात, पोलोग्राउंडला गॅरेज होतं. ठोकर लागलेले बंपर तो नव्याने रंगवायचा, पण आधी जुना रंग उतरवताना त्याची माणसं वैतागत. थिनरने रंगाबरोबर प्लास्टिकही चिकट व्हायचं. मीच त्याला म्हटलं, यांना एक देऊन बघा.

तो एक लाल बंपर घरी घेऊन आला. "भाईसाहब, ये साफ कर दो. जम गया तो सारा काम आपका."

यजमानांनी बंपर उलटा करून पाहिला, नखाने खरवडला. "सोड्यात सुटेल," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गेटवर गेले नाहीत. मागच्या अंगणात विटा रचून त्यावर लांबट लोखंडी टाकी चढवली. कॉस्टिक सोडा आणला. मिलमधले रबरी हातमोजे शोधून बाहेर काढले.

मी विचारलं, "अहो, उकळायलाच पाहिजे का? प्लास्टिक आहे ते."

"बिना उकळता कधी मैल सुटलाय? इतकी वर्षं काय केलं मी?"

मी लाकडं पुढे सरकवली.

रंग सुटला. तापल्या दुधावरच्या सायीसारखे लाल पापुद्रे वर आले. दुपारी त्यांनी बंपर काठीने बाहेर काढला, खाली स्वच्छ करडं प्लास्टिक होतं. मला बोलावून दाखवलं आणि तो भिंतीला टेकवला. मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तोवर बंपर मधोमध वाकून खाली बसला होता. ते दोन्ही हातांनी तो सरळ करत होते. एक टोक सरळ केलं की दुसरं वळत होतं. मग तो थंड झाला आणि तसाच राहिला.

संध्याकाळी गॅरेजवाला आला. त्याने बंपर उचलून दोन्ही टोकांकडून पाहिला. "भाईसाहब, आपने तो इसको धो के, निचोड़ के सुखा दिया."

माणूस वाईट नव्हता. यजमानही हसले. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या वेळेला ते गेटवर गेले.

मी गॅरेज गाठलं. "एक और भेज दो."

"रहने दो, भाभीजी. भाईसाहब के बस का नहीं है."

"वो नहीं, मैं करूँगी."

टाकी तीच, सोडा तोच, फक्त खाली जाळ नाही. बंपर रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी कडक ब्रशने घासायचा, उरलेलं पाणी लावून पॉलिशपेपरने काढायचं. वेळ लागायचा, पण आकार राहायचा. बोलल्याप्रमाणे त्याने सगळं काम आमच्याकडे पाठवलं. म्हणजे माझ्याकडे.

यजमान गेटवरून आले की अंगणातल्या नळावर पाय धूत. टाकीकडे बघत नसत. एकदा एक लांब बंपर टाकीत अडकला, मला एकटीला निघेना. त्यांनी भिंतीतल्या खिळ्यावरचे आपले हातमोजे चढवले, दुसरं टोक धरलं. हात पाण्यात गेला तसे थांबले.

"गार आहे," म्हणाले.

"हो."

आम्ही बंपर बाहेर काढून भिंतीला टेकवला. त्यांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, हातमोजे काढून खिळ्याला अडकवले आणि पाय धुऊन आत गेले. मी ब्रश घेतला.