होडीच्या फळीचा बास

इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाने काही फरक पडत नाही, असं जो माणूस सहा वर्षं आमच्याशी भांडला, त्यानेच माझं लाकूड बदलायला संमती दिली. हे आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

जिल्ह्यात मनापासून बास गिटार वाजवणारे आम्ही सात जण. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात गायकाच्या मागे, ड्रमच्या बाजूला, जाड चार तारांची लांब गिटार घेऊन उभा असतो तो. लोकांना वाटतं, हा उगाच उभा आहे. आमचं बोलणं घरचे ऐकत नाहीत, म्हणून एकमेकांचं ऐकायला आम्ही महिन्यातून एका रविवारी बांद्याला जमतो. तिथे आमच्यातल्याच एकाची सुतारकामाची शेड आहे. दारं-खिडक्यांवर त्याचं घर चालतं आणि हौस म्हणून तो गिटारी बनवतो. हात सोन्याचा आहे त्याचा. राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी काय चालतं ते बाहेरच्या माणसाने ऐकलं तर आम्हाला वेड्यात काढेल. गुळगुळीत तारा बऱ्या की खरबरीत, यावर दुपार जाते. पिकअप म्हणजे तारांखालची ती चुंबकाची डबी. ती पुलाकडे, म्हणजे तारांचं खालचं टोक अडकवतात त्या पट्टीकडे, अर्धा इंच सरकवली तर काय होईल, यावर चहाच्या दोन फेऱ्या होतात. आमच्यातला एक वैभववाडी स्टेशनात कामाला आहे. त्याचं ठाम मत, की बासचा आवाज म्हणजे पिकअप आणि तारा, लाकूड म्हणजे नुसतं खुंटाळं. सुताराचं मत नेमकं उलटं. तो प्रत्येक फळी बोटाच्या पेराने ठोकतो आणि कान लावतो. घणघणली तर जिवंत, ठप्प वाजली तर मेलेली. या दोघांचं भांडण आम्ही बाकीचे भजन ऐकल्यासारखे ऐकायचो.

दीड वर्षापूर्वी मी तिथे माझ्या वडिलांच्या होडीची फळी घेऊन गेलो.

वडील आचऱ्याला त्याच होडीने मासे मारायचे. ते गेल्यावर होडी वाळूत पडून फुटली आणि तिची एकच धड फळी राहिली, तळाची, आंब्याची, पुरुषभर लांब. आईने ती पडवीत उभी करून ठेवली होती. नवा बास करून घ्यायचं माझ्या मनात आलं, तेव्हा मी भीत भीत ती फळी मागितली. आई म्हणाली, "घेवन जा. पण फुकट घालव नको. त्येंची तेवढीच रवली."

शेडमध्ये फळी ठेवताना मी काय म्हणालो, ते आता जिभेवर चटका बसल्यासारखं आठवतं. "ही माझ्या वडिलांची आहे" एवढंच म्हणायला हवं होतं. पण त्या सहा जणांसमोर असं काही बोलायची लाज वाटते. तिथे फक्त आवाजाबद्दल बोलायचं असतं. म्हणून मी म्हणालो, "इतकी वर्षं खारं पाणी प्यायलेलं लाकूड आहे, खालचे सूर भरदार येतील. आवाज एकदम चांगला व्हायला पाहिजे हां." सुताराने फळी ठोकली. कान लावला. मग म्हणाला, "बघूया."

सहा महिन्यांनी बास हातात आला. निळाभोर. होडीला होता तोच निळा, त्याने रंगाच्या दुकानात फळीवरच्या रंगाचा पापुद्रा नेऊन जुळवून आणला होता. पुढून, मागून, कडेने, सगळीकडे निळा. आवाज तर असा, की पहिल्याच कार्यक्रमात ड्रमवाला वळून माझ्याकडे बघायला लागला.

आईने त्या बासला हळदकुंकू लावलं. नारळी पौर्णिमेला वडील होडीला नारळ वाढवायचे. त्या वर्षी आईने माझ्या बाससमोर वाढवला आणि शेजारणींना बोलावून सांगितलं, ही आमची होडीच आहे म्हणून. मी पण काही कमी नाही. रविवारच्या बैठकीत मी सगळ्यांना ऐकवायचो, की जाड तार छेडली की खाडीत वल्हं पडल्यासारखं वाटतं, हे दुकानातल्या लाकडात येणार नाही. सगळे माना डोलवायचे. रेल्वेवाला, ज्याच्या लेखी लाकूड म्हणजे खुंटाळं, तोसुद्धा म्हणाला होता, "खरंय, काहीतरी वेगळं आहे बुवा." तेव्हा मला वाटलं, सहा वर्षांनी एकदाचा हरला.

मागच्या महिन्यात पिकअप बदलायचा होता. एरवी हे काम सुतार करून द्यायचा. उघडू नकोस, तारा नाजूक आहेत, असं बजावायचा. पण नवा पिकअप हातात असताना कुठल्या बासवाल्याला दुपारच्या बैठकीपर्यंत धीर धरवतो? बैठकीच्या रविवारीच सकाळी खोलीचं दार लोटून मी चार स्क्रू काढले, जुनी डबी उचलली आणि आत बघितलं. आतल्या खाचेत रंग नव्हता. लाकूड लालसर, स्वच्छ, एकसारखं. खिळ्याचं भोक नाही, काळा डाग नाही. नाक लावलं तर पॉलिशचा वास.

मी सात जणांतला एक आहे. महोगनी मला ओळखता येते.

बास तसाच उघडा गादीवर टाकला आणि मोटरसायकल काढली. आचऱ्याहून बांदा काही जवळ नाही. तेवढ्या वाटेत माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा प्रत्येक वळणाला वाढत गेला. शेडमध्ये सहाच्या सहा जण जमलेले होते. तारांचं काहीतरी चालू होतं.

"माझी फळी खंय आसा?" मी दारातूनच विचारलं.

कोणी विचारलं नाही, कुठली फळी. त्यांनी माना खाली घातल्या तेव्हाच मला कळलं, की हे सगळ्यांना माहीत होतं. वर्षभर मी वल्ह्याच्या गोष्टी सांगत होतो आणि ही सहा थोराड माणसं माना डोलवत होती.

सुतार उठला. म्हणाला, "बस आधी. ती फळी मेलेली होती. चार वेळा ठोकून बघलंय. ओली, जड, आवाजच नाय. तुका चांगलो आवाज होयो होतो मा? मग चांगलो आवाज दिलंय तुका. माझ्याकडची सगळ्यात बरी महोगनी घातलंय."

"माका सांगूचा नाय?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," रेल्वेवाला मध्ये बोलला. त्याची बोली घाटावरची. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. एवढ्या हौसेने फळी आणलीस, आणि बास भिकार वाजला असता तर तुला किती लागलं असतं?"

मग मात्र माझा तोल गेला. मी त्याला म्हणालो, लाकडाने फरक पडत नाही ना? सहा वर्षं हेच पाठ म्हणतोस ना? मग माझ्याच बापाच्या लाकडाने कसा पडला? बाकीच्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुतार शांतपणे ऐकत होता, आणि त्याचं ते शांत राहणंच मला जास्त झोंबत होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "वर्षभर वाजवलंस तू. तुका तरी खंय कळला?"

माझे कान, ज्यांचा मला एवढा माज, त्यांना वडिलांची होडी आणि बाजारातली महोगनी यांतला फरक कळला नाही. उत्तर नसलं की माणूस जास्त ओरडतो, तसा मी ओरडलो. फळी दे म्हणालो.

त्याने कोपऱ्यातली प्लायवूडची चळत बाजूला केली. मागे फळी होती. अर्धी. तिच्यात पिकअपच्या मापाच्या चार खाचा पाडलेल्या होत्या, एकाखाली एक. खाचा पाडायचं नवीन मशीन आणलं तेव्हा हात बसवायला त्याने ती वापरली होती. बाकीची अर्धी कुठे, विचारलं तर त्याने मशीनच्या पायांकडे बोट दाखवलं. मशीन डुगडुगत होतं म्हणून तिच्या पाचरी करून खाली मारल्या होत्या. हे सांगताना पहिल्यांदा त्याचा आवाज पडला. ती फळी माझी कोण लागते, हे त्याला खरंच कळलं नव्हतं. तो वाईट माणूस नाही. त्याने फळीला विचारायचा तो एकच प्रश्न विचारला होता, आवाज आहे का? नाही म्हणाली, संपलं. आणि आवाज चांगला पाहिजे असं त्याला सांगणारा मीच होतो. हे कळून माझा राग कमी झाला नाही, उलट तो कुणावर काढावा ते कळेनासं झालं.

अर्धी फळी गाडीला आडवी बांधून मी परत निघालो. वाटेत एका टपरीवर थांबून आमच्या सात जणांच्या ग्रुपवर टाकायला लांबलचक मेसेज लिहिला. तुम्ही मला माणूस समजला नाहीत, मूल समजलात, असं त्यात होतं. मला काय सोसेल ते ठरवणारे तुम्ही कोण, असंही होतं. वाचून बघितला, बरा वाटला. घरी जाऊन अजून दोन वाक्यं घालू म्हणून ठेवून दिला.

आई खळ्यात बसून सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होती. गाडीवरची फळी तिला लांबूनच दिसली. सुंगटांचं सूप बाजूला सारून ती उठली.

"ही खंयची रे फळी?"

सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. तुझ्या नवऱ्याच्या होडीवर आज दुसऱ्याचं मशीन उभं आहे, आणि वर्षभर तू कुंकू लावलंस ते बाजारच्या लाकडाला, एवढी दोन वाक्यं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "आपलीच गो. उरली ती आणलंय."

"आणि ही भोकां?"

"माप घेवक पाडलेली."

तिने फळीवरून हात फिरवला, वाकून वास घेतला. माशाच्या तेलाचा वास अजून होता. वडील दरवर्षी होडीला ते तेल लावायचे. "ह्येका अजून वास येता," ती म्हणाली. "त्येका कसो येणा नाय?"

"रंग लागलो मा त्येका."

"बाकीची त्येच्यात आसा मा?"

"आसा."

तिला ते पटलं. किंवा तिने पटवून घेतलं, मी विचारणार नाही. "मगे त्येच्या बाजूक ठेव," म्हणाली, आणि हात धुवायला विहिरीकडे गेली, कुंकवाचा करंडा घेऊन येते म्हणून.

तेव्हा मला आठवलं, खोलीत बास उघडा पडलाय. फळी भिंतीला टेकवून मी आत धावलो. गादीवर तो निळा बास, मधोमध लालसर खाच. मला त्या सहा जणांचा राग येत होता आणि माझी स्वतःची किळस येत होती, दोन्ही एकदम. जुना पिकअप त्या खाचेवर दाबला, स्क्रूड्रायव्हर शोधला. ओल्या पावलांचा आवाज पायरीपर्यंत आला होता. आई आत यायच्या आधी मी चारही स्क्रू घट्ट आवळले.