कलियुगाचा पहिला शुक्रवार

भारतपुळा नदीच्या काठी एका लहान शिवमंदिरात हार ओवायचं काम इक्कावू वारस्यारच्या घराण्याकडे होतं. तिचे हात फुलांत असत आणि ओठांवर आकडा असे: आज कलियुगाचे किती दिवस गेले. नऊ वर्षांची असताना मामानं तिला ही सवय लावली. एका शुक्रवारी, सूर्य उगवताना सगळे ग्रह मेषेच्या आरंभी जमले आणि कलियुग लागलं. तिथून एकेक दिवस मोजत यायचं. शंका आलीच तर आकड्याला सातानं भागायचं. बाकी शून्य तर शुक्रवार, एक तर शनिवार. बावन्न वर्षांत तिचा वार चुकला नव्हता.

१९६२च्या जानेवारीत गावात बोभाटा झाला की फेब्रुवारीच्या आरंभी तीन दिवस मकरेत आठ ग्रह जमणार आणि जग बुडणार. होम सुरू झाले, लग्नं पुढे ढकलली गेली. धाकटी बहीण अम्मिणी तर बोचकी बांधून बसली.

"जगच बुडणार, तर बोचकी कुठे नेणार आहेस?" इक्कावूनं विचारलं.

"तुला कशाचं काही नाही. बस फुलं ओवत."

"ओवता ओवताच विचार करतेय. ग्रह पुन्हा जमले, तर माझा आकडा पुन्हा शून्यावर येणार का?"

अम्मिणीनं बोचक्याची गाठ आणखी आवळली. इक्कावू उठली आणि ज्योतिषी केलू पणिक्करांकडे गेली. त्यांच्या ओसरीवर घाबरलेल्यांची गर्दी होती.

"वारस्यारम्मा, तुम्हीसुद्धा?"

"मला शांत नको करायला. एवढंच सांगा, त्या पहिल्या शुक्रवारी ग्रह जमलेले पाहिले कुणी?"

पणिक्करांनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. "कुणीच नाही. फार नंतरच्या ज्योतिष्यांनी ग्रहांच्या गती घेतल्या आणि मागे मागे मोजत गेले. सगळे एका जागी आले, तिथे आरंभ धरला."

"मग श्रीकृष्ण निजधामाला गेला, तो दिवस?"

"पुराणं त्याच्या जाण्यापासून कली धरतात, गणित ग्रहांवरून. लोकांनी दोन्ही एकत्र बांधली. आणि आता मकर आहे, मेष नव्हे. कलीची चार लाख बत्तीस हजार वर्षं, त्यातली पाच हजार सरलीत. मोजा निवांत."

इक्कावू खट्टू झाली. इतकी वर्षं तिच्या मनात एक माणूस टेकडीवर उभा राहून ती पहाट बघत होता. आता टेकडी रिकामी झाली.

तरी फेब्रुवारीच्या त्या तिन्ही दिवशी पहाटे ती देवळाच्या पूर्वेच्या पायरीवर जाऊन बसली. तिला एकही ग्रह दिसला नाही. सोमवारी जग जागच्या जागी होतं, अम्मिणी मुकाट्यानं बोचकी सोडत होती. इक्कावूनं आकडा म्हटला, अठरा लाख एकोणपन्नास हजार दोनशे पस्तीस, आणि पुन्हा पणिक्करांची ओसरी गाठली.

"सगळे सूर्यापाशीच होते, त्याच्या उजेडात कसे दिसतील?" पणिक्कर म्हणाले.

"म्हणजे त्या शुक्रवारी कुणी उभं असतं, तरी त्याला काही दिसलं नसतं?"

"सूर्य उगवताना दिसला असता. रोजच्यासारखा."

यावर ती खूप वेळ हसली. ओसरीवरच्या बायकांना वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं.

मार्चमध्ये ग्रह सूर्यापासून सुटे झाले. पणिक्करांनी तिला पहाटे नदीच्या वाळवंटात नेऊन वरचा शनी दाखवला, खालचा गुरू दाखवला. जन्मभर दिवस मोजणाऱ्या इक्कावूनं आभाळ असं कधी निरखलंच नव्हतं. तिनं हात लांब करून दोघांमधलं अंतर बोटांनी मोजलं. दुसऱ्या दिवशी ती एकटीच पुन्हा गेली.