ज्यानं सुरू केलं त्यानं बाहेर बसायचं

गणपतराव सर आज पहाटे गेले आणि मला हायसं वाटलं.

हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. पण आधी पूर्ण वाचा.

सर माझे पीएचडीचे गाइड. तंजावरच्या मराठी घरातले. शिक्षण, नोकरी, संसार सगळं तमिळ मुलखात. मी सांगलीहून चेन्नईला आलेली, तोंडाने फटकळ, प्रत्येक सेमिनारमध्ये उभी राहून भाषण ठोकणारी. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझं नाव 'तलैवी' ठेवलं. म्हणजे पुढारीणबाई.

त्यांच्या रिसर्चचा विषय एकच.

चालत नसलेलं काम माणसं बंद का करत नाहीत?

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत याला भारदस्त नावं आहेत. सर ती वर्गात सांगायचे आणि मग आम्हाला बसने अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये घेऊन जायचे.

तिथल्या एका छोट्या कारखानदाराने परदेशातून मशीन आणलं होतं. त्यातून धड पार्ट निघत नव्हता. तरी तो त्याला काहीतरी नवीन जोडतच राहायचा.

"बंद का नाही करत?" मी विचारलं.

"मॅडम, मीच आणलंय ना," तो म्हणाला.

बस. हुशार माणसंही इथेच अडकतात. थांबवायचं म्हणजे आपण चुकलो असं कबूल करायचं. ते काम ज्यानं सुरू केलेलं नसतं, त्याला ते सहज थांबवता येतं.

म्हणून सरांनी एक नियम केला होता. एखादं काम पुढे चालवायचं का, हे ठरवताना ज्यानं ते सुरू केलं त्यानं बाहेर बसायचं. कॉफी प्यायची. आत बाकीच्यांनी ठरवायचं.

चेन्नईतल्याच गिंडी भागातले काही उद्योजक हा नियम पाळायला लागले होते. आमचीही त्यातून सुटका नव्हती. माझ्या थीसिसमधलं लाडकं चॅप्टर सरांनी मला कॉरिडॉरमध्ये बसवून उडवलं. मी खूप भांडले. थीसिस त्यामुळेच वाचला.

मागच्या वर्षी सरांना कॅन्सर निघाला.

सरांच्या पत्नी आधीच गेलेल्या. मुलगा शिवा, ओरगडमच्या कार प्लांटमध्ये इंजिनिअर. त्यानं आणि मी ठरवून टाकलं, लढायचं. हॉस्पिटल आम्ही शोधलं. डॉक्टर आम्ही निवडले. सर कंटाळले की मी भाषण द्यायचे. माझी भाषणं तुम्हाला माहीत आहेत.

सरांनी सगळं सोसलं. केस गेले, तोंडाची चव गेली, मग चालणं गेलं. स्कॅन मात्र दर वेळी आधीपेक्षा वाईट.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "दुसरं औषध सुरू करून बघू. फायदा होईलच असं नाही."

शिवा लगेच हो म्हणाला. मीही.

त्याच दिवशी सरांची मोठी बहीण तंजावरहून आली होती. अक्का. निवृत्त हेडमिस्ट्रेस. आजार किती वाढलाय हे सरांनी तोवर तिला कळूच दिलं नव्हतं.

सर उशीवरून म्हणाले, "शिवा, तलैवी, बाहेर जा. कॅन्टीनमध्ये कॉफी घ्या. डॉक्टर, तुम्हीपण."

डॉक्टरांना वाटलं, चेष्टा करतायत.

"सर, ही फॅक्टरी नाही," मी म्हणाले.

"खरंय. फॅक्टरीत मशीन बोलत नाही. इथं बोलतंय. जरा ऐक."

गेलो बाहेर, पण खोलीच्या दारापाशीच थांबलो.

शिवा भडकला होता. "अप्पा माझे, आणि मीच बाहेर?"



मग खाली बघत म्हणाला, "मला नाही म्हणताच आलं नसतं. बंद करा असं मी म्हटलं असतं, तर मीच मारलं असं वाटत राहिलं असतं. जन्मभर."

 

दार उघडलं. अक्का.

"पोदुम," ती म्हणाली. "पुरे झालं. आम्ही घराला जातो."

शिवा काही बोलणार, तेवढ्यात तिनं हेडमिस्ट्रेसचा हात वर केला.

"कोणी विचारलं तर आत्यानं ठरवलं म्हण. तू नव्हे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरांना निर्णय बरोबर यायला हवा होताच. पण त्याहून जास्त, तो शिवाच्या डोक्यावर नको होता.

घरी आल्यावर सर पुन्हा सर झाले. नर्स येऊन दुखणं आटोक्यात ठेवायची. रसम-भात दोन घास का होईना, चवीनं खायचे. क्रिकेट बघताना अक्काशी वाद घालायचे. माझा नवा पेपर वाचून म्हणाले, "इतकं ठाम लिहू नको, तलैवी. डेटा लाजतो."

आता एक विनंती. कमेंटमध्ये 'कॅन्सरशी झुंज अपयशी' असं कुणीही लिहू नका.

लढाई आम्ही पुकारली होती. जखमा त्यांना होत होत्या.

जिवाभावाच्या माणसाला आपल्या हट्टासाठी रणांगणावर उभं करायचं आणि त्याला प्रेम म्हणायचं, हे बंद झालं पाहिजे. ज्याला बरं वाटू शकतं त्यानं जरूर उपचार घ्यावेत, शेवटपर्यंत घ्यावेत. पण शरीर नको म्हणत असेल तर थांबणं म्हणजे हरणं नव्हे. हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभी राहून सांगेन. डेटा लाजला तरी चालेल.

पहाटे शिवाचा फोन आला.

"अप्पा गेले. झोपेतच. मी शेजारी होतो."

तो रडत होता. मीही.

आपण थांबायला नको होतं का, असं तो विचारेल याची मला महिनाभर भीती होती.

त्यानं विचारलं नाही.

म्हणाला, "अक्का कॉफी करतेय. तू ये."

निघालेच आहे.

सर, सुखानं जा. डोळे भरलेत, मन हलकं आहे. हीच माझी श्रद्धांजली.