स्वतःची बाटली

बाटलीताई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ताईंनी उभा जन्म विमानात प्रवाशांना चहापाणी देण्याच्या नोकरीत काढला. तिथल्या सोबतिणींनी हे नाव चिकटवलं, आणि नोकरी सुटली तरी नाव काही सुटलं नाही. ताई कुठेही जावोत, खांद्यावरच्या पिशवीत पाण्याची स्वतःची बाटली असायचीच. दुसरीकडच्या पाण्याचा घोट घेणं नाही म्हणजे नाही.

ही सवय लागली नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. विमानाच्या शेपटाकडे असतं त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात ताई नुकताच केलेला चहा तोंडाला लावणार, एवढ्यात सोबतच्या सीनियर बाईंनी कप हातातून काढून घेतला आणि चहा सरळ ओतून दिला.

"प्रवाशांनी मागितला तर द्यायचा. आपण प्यायचा नाही. टाकीतलं पाणी आहे ते."

"वाईट असतं का ते?"

"रोज नसतं. तीच तर पंचाईत आहे."

मग बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. पाण्याची टाकी असते विमानाच्या पोटात. प्रत्येक विमानतळावर टँकर येतो, नळी लावतो, भरून जातो. एका गावच्या पाण्यावर दुसऱ्या गावचं पाणी. टाकी अधूनमधून औषध घालून धुतात, पाणी तपासतातही, आणि बहुतेक वेळा ते चांगलंच निघतं. कधीतरी मात्र त्यात जंतू सापडतात. ते कधी, हे पिणाऱ्याला कसं कळणार?

"दहादा प्यायलीस तर दहादा काही होणार नाही," बाई म्हणाल्या. "अकराव्यांदा पोट बिघडलं आणि आपण हवेत असलो, तर लोकांकडे कोण बघणार? तुझा काका?"

ताईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून विमानात चूळसुद्धा बाटलीतल्या पाण्याने. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण शहाणपणालाही घराचा उंबरा ओळखता यायला हवा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात; ताईंचं तर तोंडही कधी पोळलं नव्हतं. दुसऱ्याचं ऐकूनच त्या ताक फुंकायला लागल्या, आणि मग जे समोर येईल ते फुंकतच राहिल्या. हॉटेलात, लग्नात, मैत्रिणीकडे, आणि शेवटी सख्ख्या भावाच्या घरीही.

दादा त्यांच्याहून बराच मोठा. ताई आल्या की स्वतः उठून आत जायचा, काचेचा पेला भरून आणायचा आणि त्यांच्यासमोर ठेवायचा. ताई पिशवीतून बाटली काढायच्या. "माझं आहे रे," म्हणायच्या. दादा हसायचा. पेला तिथेच राहायचा.

वहिनी मात्र हसायची नाही. "आमच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही हिला. नाकाने कांदे सोलते नुसती," असं तिने एकदा शेजारणीला सांगितलेलं ताईंच्या कानावर आलं होतं. तेव्हाच समजावून सांगितलं असतं, तर गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. पण ताईंना राग आला. रागावलेलं माणूस समजावत बसत नाही. वहिनीच्या मनात अढी बसली, ताईंचं जाणं विरळ झालं, आणि मग दादा गेलाच. शेवटच्या दिवशी ताई परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात होत्या.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. नोकरी होती तोवर माणसांचा तुटवडा नव्हता. रोज विमानभर माणसं, आणि उतरताना प्रत्येकाला नमस्कार. निवृत्त झाल्यावर कळलं, त्यातलं एकही माणूस आपलं नव्हतं. घर खायला उठायचं. संध्याकाळी पाणी उकळायचं, गार करायचं, बाटलीत भरायचं, आणि मग आपणच भरलेल्या बाटलीकडे बघत बसायचं. कधीकधी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने विचारायच्या, "चहा की कॉफी?" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकायच्या.

अशात वहिनीचा फोन आला. आवाज कोरडाच होता.

"मीही एकटी, तूही एकटी. महिनाभर येऊन बघ. पटलं तर राहा, नाही पटलं तर आपापल्या घरी."

ताईंना जगात दुसरं घर उरलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्या रडल्या, आणि मग घाबरल्या. हेही घर हातचं गेलं तर?

वहिनीकडे जाताना विमानात पहिल्यांदाच त्या प्रवासी म्हणून बसल्या होत्या. कोवळ्या वयाच्या मुलीने चहा पुढे केला. ताईंची मान आपोआप हलली. मुलीने त्यांच्या मांडीवरची बाटली पाहिली आणि हळूच वाकून म्हणाली, "मीही नाही पीत, मॅडम." एरवी ताईंना हसू आलं असतं. आज नाही आलं. तिला सांगावंसं वाटलं, इथे नको पिऊस, पण घरी पीत जा ग बाई. तोवर ती पुढच्या रांगेकडे गेली होती.

वहिनीने दार उघडलं. ती वाळली होती. जेवणाच्या टेबलावर विकतच्या सीलबंद बाटल्यांचं अख्खं खोकं मांडून ठेवलेलं होतं.

"तुझ्यासाठी आणलंय," वहिनी म्हणाली. "उगाच गैरसोय नको."

तिने ते मनापासून केलं होतं, हेच जास्त लागलं. पाहुण्यांचं करतात तसं केलं होतं.

"वहिनी, मला घरातलं द्या ना."

"मला बरं वाटावं म्हणून नको पिऊस."

ताई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तोच काचेचा पेला फळीवर होता. माठातून तो भरून घेतला आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकला. गार पाणी, दुसरं काही नाही. आयुष्यभर ज्याला भ्यायल्या ते एवढंच.

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती.

"तू गेलीस की तुझा दादा तो पेला मला ओतू द्यायचा नाही," ती म्हणाली. "स्वतःच प्यायचा. म्हणायचा, पुढच्या वेळी पिईल ती."

ताई तिथेच खाली बसल्या. दादा दुखावला असेल, रागावला असेल, असं त्यांनी किती वेळा मनाशी म्हटलं होतं. तो नुसती वाट बघत होता. पुढची वेळ आली होती, आणि पेला आणून देणारा तेवढा नव्हता. त्या ओक्साबोक्शी रडल्या. वहिनीने पाठीवर हात फिरवला नाही. तिला तसं कधी जमलंच नाही. ती शेजारी फरशीवर बसून राहिली.

मग तिने स्वतःचे डोळे पुसले आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारलं, "मग ते खोकं दुकानात परत देऊ का?"

"द्या," ताई म्हणाल्या. पिशवीतली बाटली काढून त्यांनी ती घासायच्या भांड्यांत ठेवून दिली.