धुळीवर उतारा गुळाचा

लग्नातले किस्से लग्नाबरोबर संपतात, ऑफिसातले रिटायरमेंटबरोबर. आजारपणाचे मात्र वाढतच जातात, कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकेक नवा टाकून जातो. आमच्या मारुतीअण्णांच्या आजारपणाचे तर इतके साठले की आम्ही चहाला बसलो की हसता हसता कप सांडायचे. शेजारच्या टेबलावरचे विचारायचे, "काय झालं एवढं हसायला?" आम्ही म्हणायचो, "कॅन्सर!" मग ते उठून दुसऱ्या टेबलावर जायचे.

आम्ही म्हणजे बेंगळुरात शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे ब्रेक लायनिंगचं वर्कशॉप होतं, तिथली माणसं. गोष्ट नव्वदीतली. लॉऱ्या-बसच्या ब्रेकला आतून जो जाड पट्टा असतो तो झिजला की काढायचा आणि नवा बसवायचा, ही आमची रोजीरोटी. त्या पट्ट्यात ॲस्बेस्टॉस असायचं. ग्राइंडरवर तो घासला की पांढुरकी धूळ उडायची. जुना ड्रम उघडला की एअर पाइपनं फूऽऽ करून साफ करायचा. दुपारपर्यंत आम्ही सगळे एकाच रंगाचे झालेले असायचो.

मारुतीअण्णा आमचे फोरमन. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात संपायचं. ग्राइंडरवर बाबाजान, रिव्हेट मारायला मुनियप्पा आणि फिटर मी. शिवाय मालक. त्यांना आम्ही नुसतं मालकच म्हणायचो.

*

धुळीवर मालकांचा उपाय ठरलेला होता. गूळ! संध्याकाळी शटर ओढायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर एक खडा. "गूळ धुळीला धरून पोटात नेतो, छातीत जाऊच देत नाही," असं ते सांगायचे. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं देव जाणे. पण गूळ कधी चुकला नाही आणि आमचाही त्यावर पूर्ण विश्वास होता. फुकटच्या गुळावर कुणाचा नसतो!

पुढे मुनियप्पाला डायबेटिस निघाला. डॉक्टरनं गोड बंद केलं. मालकांना खरोखर काळजी लागली. माणूस मनानं वाईट नव्हता हो, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला.

"मुनियप्पा, तुझा खडा घरी ने. बायकोनं खाल्ला तरी चालेल."

"तिनं खाऊन माझी धूळ कशी जाणार, मालक?"

"तुझे कपडे तीच झटकून धुते ना? मग!"

*

मग अण्णांना दम लागायला लागला. उजव्या कुशीत दुखायचं, चार पावलं चालले की थांबायचे. पहिल्या डॉक्टरनं नाडी धरायच्या आधी विचारलं, "दिवसाला किती बिड्या?"

"एकही नाही."

"सोडली कधी?"

"धरलीच नाही, तर सोडू काय!"

अण्णा म्हणजे सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस. पण भेटायला येणारा जो तो जाताना म्हणायचा, "अण्णा, आता तरी बिडी सोडा." अण्णांना दम लागण्यापेक्षा त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शेवटी त्यांच्या एका हुशार भाच्यानं शोध लावला. अण्णा ओढत नाहीत, पण शेजारी बाबाजान ओढतो! हे ऐकून बाबाजानच्या डोळ्यांत पाणी आलं. "या अल्ला, मेरे बिडी का धुआँ तुमारे कू लगा, अण्णा?" त्यानं तिथल्या तिथे बंडल गटारात टाकलं आणि बिडी सोडली.

दुसऱ्या दिवशी बाबाजान एका ड्रायव्हरच्या अंगावर धावून गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं लायनिंगचा एक अख्खा सेट वाकडा घासला आणि वर मलाच शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी अण्णा धापा टाकत कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले, स्वतः बंडल विकत घेतलं आणि आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"ओढ रे बाबा. माझी छाती गेली ती गेली, लॉऱ्यांचे ब्रेक तरी राहू देत!"

*

एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला अर्ध्यापर्यंत पाणी. छातीत पाणी म्हणजे टी.बी., हे आपल्याकडे ठरलेलंच. गोळ्या सुरू झाल्या. लघवी नारिंगी झाली, तेव्हा अण्णांच्या बायको, आमच्या अक्का, खूश झाल्या, "औषध लागू पडतंय बघा!" डॉक्टर सुईनं पाणी काढायचे आणि थोड्या दिवसांत ते पुन्हा भरायचं.

अण्णांना घरी करमेना, म्हणून ते वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसायचे. आता टी.बी. म्हणजे संसर्ग. मालकांनी तातडीनं सगळ्यांसाठी मोठे रुमाल आणले आणि सक्त ताकीद दिली, नाक-तोंड झाकल्याशिवाय कुणी राहायचं नाही!

अण्णा फाटकातून दिसले की रुमाल वर. ग्राइंडर बंद, कारण रुमाल बांधून काम करताना गुदमरायला होतं. अण्णा तासभर बसून गप्पा मारायचे आणि जायचे. बाबाजान बाहेर डोकावून सांगायचा, "हौ, गये." मग आम्ही रुमाल सोडून खिशात घालायचो, छाती भरून श्वास घ्यायचो आणि ग्राइंडर सुरू करायचो.

*

टी.बी.च्या गोळ्यांनी काही होईना, तेव्हा अण्णांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे छातीच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या, धारवाडकडच्या, मराठी छान बोलायच्या. बिडीचं न विचारता कामाचं विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

"काम काय करत होता?"

"फोरमन."

"ते झालं पद. हातांनी काय करत होता?"

अण्णांनी फोरमन होण्याआधीच्या ग्राइंडरपासून सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या पट्ट्यात काय काय घालतात, माहीत आहे?"

"आम्ही नुसते बसवतो," अण्णा म्हणाले. पण बाबाजानला राहवेना. पुढच्या खेपेला तो कागदी पिशवी भरून धूळच घेऊन आला. ग्राइंडरखालची, ताजी, चाळून घेतलेली! "देखो मॅडम, एकदम फस्‌क्लास," म्हणत त्यानं ती पिशवी टेबलावर पालथी केली. वर पंखा फुल स्पीडनं फिरत होता.

बाई खुर्चीवरून उडाल्याच. "फॅन बंद करा! बाहेर व्हा सगळे!" ओ.पी.डी. रिकामी झाली. नर्स पळाली, पेशंट पळाले, ज्याच्या पायाला प्लॅस्टर होतं तोसुद्धा पळाला. आत फक्त आम्ही उरलो, कारण पळायचं कशाला हे आम्हांला समजलंच नव्हतं.

मुनियप्पा बराच वेळ विचार करत होता. घरी परतताना बसमध्ये तो म्हणाला, "टी.बी.चे एवढे पेशंट येतात, त्यांना बघून बाई पळत नाहीत. आपल्या धुळीला बघून पळाल्या." त्यावर आम्ही कुणी हसलो नाही.

*

छातीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. बाईंनी आम्हांला बसवून नीट समजावलं. फुप्फुसावर पातळ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात. ते श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच रुतून बसतात. बिडीशी ह्याचा संबंध नाही. धुळीचे कपडे घरी झटकणाऱ्या बायकांनाही हा होऊ शकतो.

"पण बाई, मी ग्राइंडर सोडून किती वर्षं झाली! आता कसा झाला?"

"ते तंतू वीस-वीस, तीस-तीस वर्षं नुसते बसून राहतात. मग कधीतरी काम सुरू करतात."

"म्हणजे सरकारी नोकर!" अण्णा म्हणाले. बाईंना हसू आवरेना.

मग अण्णांनी सरळच विचारलं, "बरा होईन का?"

बाईंनीही सरळच सांगितलं, "नाही. औषधं आहेत, पण ह्या आजारावर फारशी चालत नाहीत. दम आणि दुखणं कमी करता येईल, ते मी नक्की करीन."

मला रडू आलं, ते लपवायलाही जमलं नाही. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आमच्याकडे बोट केलं. "सरी, ठीक आहे. माझं समजलं. आता ह्यांची छाती बघा."

त्या दिवसापासून अण्णांचा एकच घोष. आम्हा सगळ्यांचे एक्स-रे निघाले पाहिजेत आणि वर्कशॉपमधला एअर पाइप बंद झाला पाहिजे. जाण्याआधी एवढं एक काम त्यांना उरकायचं होतं. आणि आम्ही? एक्स-रे म्हटलं की बाबाजानला नमाज आठवायचा, मुनियप्पाला सासुरवाडी आणि मला लघवी.

*

छातीत पाणी भरायचं थांबावं म्हणून बाईंनी एक इलाज काढला. अस्तराच्या दोन पदरांमध्ये टाल्कम पावडर सोडायची. मग पदर एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही.

अण्णा ऐकत राहिले. मग हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत हसले. "बाई, जन्मभर छातीत पावडर घातली म्हणून मी आजारी पडलो. आता तुम्ही पावडर घालून आराम देणार?"

"ही वेगळी पावडर आहे हो, अण्णा."

"असू दे, असू दे. वरून स्वल्प गूळ पण टाका."

पावडरीनं खरंच गुण आला. पाणी थांबलं, अण्णांना पूर्ण वाक्य एका दमात बोलता यायला लागलं. ती सगळी वाक्यं एक्स-रेवरच असायची.

*

शेवटी मालक कंटाळले. "बरं, काढू एक्स-रे. पण धूळ सगळ्यांना एकच, मग सगळ्यांचे कशाला? एकाचा काढला तरी कळेल." आम्हांला हे फारच पटलं. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. पण मालक म्हणाले, चिठ्ठ्या नकोत, मी निवडतो.

त्यांनी वॉचमनला निवडलं. व्हाइटफील्डकडच्या द्राक्षमळ्यातून आलेला गडी, नोकरीला लागून पंधरवडाही झाला नव्हता आणि बसायचा रस्त्यापलीकडे. एक्स-रे लख्ख आला! मालकांनी तो ऑफिसच्या खिडकीत असा टांगला की सकाळचं ऊन बरोबर त्याच्या फुप्फुसांतून यायचं. गिऱ्हाईक आलं की दाखवायचे, "ही बघा आमच्या वर्कशॉपची छाती!"

अण्णा त्या खिडकीसमोर बराच वेळ उभे राहिले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तडक घरी गेले आणि मेडिकल बोर्डाकडे अर्ज केला.

*

कामामुळे आजार झाला का, हे ते बोर्ड ठरवायचं. त्यांनी एकदा धुळीचं नाव घेतलं की मालकांना आम्हा सगळ्यांची तपासणी करावीच लागणार होती. अण्णांचा सगळा जीव त्यात अडकलेला. बोर्डानं मालकांनाही म्हणणं मांडायला बोलावलं.

सगळे एकाच मॅटॅडोरमधून निघालो. मालक नव्या सफारीत. वाटभर ते आपलं म्हणणं घोकत होते, "साहेब, मी स्वतः इतकी वर्षं त्याच धुळीत उभा आहे. मला काय झालंय?" एकदा मराठीत, एकदा कन्नडात, एकदा मोडक्या इंग्रजीत. अण्णा शांतपणे ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी मालकांचं कन्नड दुरुस्तही करून दिलं.

बोर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! खाली बसलेल्या शिपायानं नियम समजावला. "जो चढून येतो त्याला साहेब म्हणतात, 'तीन मजले चढलास, तुला काय धाड भरलीय?' जो येत नाही त्याला गैरहजर लावतात."

अण्णांना चार पायऱ्यासुद्धा चढणं शक्य नव्हतं. बाबाजान समोरच्या हॉटेलातून खुर्ची घेऊन आला. एका बाजूला बाबाजान, एका बाजूला मुनियप्पा, मागे मी. चौथं कोण? सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि मग बाह्या वर सारल्या.

पहिल्या मजल्यापर्यंत आम्ही थट्टा करत होतो. दुसऱ्या मजल्यावर वरून एक क्लार्क येत होता. चौघांच्या खांद्याशी माणूस बघून तो भिंतीला सरकला, त्यानं चपला काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले. अण्णांनी वरून हात जोडले, "नमस्कार, नमस्कार!" क्लार्कच्या हातातला डबा खालच्या मजल्यापर्यंत वाजत गेला.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली. बाबाजान ओणवा होऊन खोकत होता. मुनियप्पानं भिंतीला मिठी मारली होती. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मालक बाकावर कोसळले. घामानं सफारी भिजली होती, ओठ निळसर पडले होते. आपलं म्हणणं मांडायला त्यांनी एक बोट वर केलं, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पण शब्द काही येईना.

आतून बोर्डाचे डॉक्टर बाहेर आले. "पेशंट कोण?"

उत्तर द्यायला कुणाकडे श्वासच नव्हता. अण्णा तेवढे खुर्चीत मांडी घालून बसलेले, कोरडे ठणठणीत, अंगावर घामाचा थेंब नाही.

"नमस्कार साहेब," अण्णा म्हणाले. "स्वल्प थांबा. ह्यांना श्वास येऊ दे, मग सांगतील."

डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, अण्णांची खुर्ची ओलांडून बाकाशी गेले, मालकांच्या सफारीची बटणं सोडली आणि छातीला लावला.

"किती वर्षं झाली हे सुरू होऊन?" त्यांनी मालकांना विचारलं.