दारावरची प्लेट

लखनऊमध्ये एखादा माणूस कोण आहे हे त्याला विचारावं लागत नाही, ते त्याच्या गाडीवर लिहिलेलं असतं. आमच्या सोसायटीत एका गृहस्थांच्या नंबर प्लेटवर नंबर मुंगीएवढा आणि 'प्रांतीय उपाध्यक्ष' हे हत्तीएवढं आहे. कशाचे उपाध्यक्ष, ते लिहायला जागाच उरली नाही. मला पूर्वी याचं हसू यायचं. आता येत नाही, कारण एका प्लेटवरून आमच्या घरात सव्वा महिना जे रामायण झालं त्यात जास्त कांगावा मीच केला होता.

मी मूळची कराडकडची. नवरा हवाई दलात. बदल्यांच्या मागे फिरत फिरत शेवटची बदली लखनऊजवळच्या बख्शी का तालाबच्या तळावर झाली. निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो, कारण माझी शाळा इथली. सहावी-सातवीच्या पोरांना मी इंग्रजी शिकवते. आमची नावं मी इथे लिहिणार नाही. ज्याला हवं त्याने गोमती नगरला यावं, तिसऱ्या मजल्यावर दारावर लिहिलंय. पण तिथे कुणाचं नाव लिहायचं, हाच तर सगळा प्रश्न होता.

मुळापासून सांगते. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायचं असलं तर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो. माझ्या सासरी थोरल्या जाऊबाईंचं नाव नेमकं माझंच. एका घरात एका नावाच्या दोघी म्हणजे एकीला हाक मारली की दोघी येणार, नाहीतर दोघीही येणार नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं. बाईंचं तसं काही चुकलं नाही. यांनी तांदळावर नवं नाव काढलं, सगळ्यांनी वाचलं, टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे जास्त झाले म्हणून त्याच तांदळाचा भात टाकला. माझं नवं नाव चाळीस माणसांनी वरण घालून खाल्लं.

पहिल्या आठवड्यात यांनी मला माहेरच्या नावाने हाक मारली तर सासूबाई ओरडल्या. नव्या नावाने मारली तर मी ओ दिली नाही. मुद्दाम नव्हे हो, मला कळलंच नाही की ते मला बोलावतायत. तीनदा असं झाल्यावर या शिस्तीच्या माणसाने दोन्ही नावं सोडून दिली आणि "अगं" धरलं. तेव्हापासून तेहतीस वर्षं मी "अगं" आहे. शाळेत मॅम, भाजीवाल्याची भाभीजी, लेकीची मम्मी. आईवडील होते तोवर फोनवर तरी माझं नाव कानावर पडायचं. ते गेल्यावर तेही संपलं. कागदोपत्री मात्र मी माहेरचंच नाव राखलं होतं, डिग्रीवर तेच होतं म्हणून. आपलं नाव फक्त बँकेत टोकन घेऊन बसल्यावर ऐकायला मिळावं, याचं मला खरोखर वाईट वाटायचं.

क्वार्टरच्या दारावर यांची प्लेट असायची. निळ्या लाकडावर पांढरी अक्षरं, आधी हुद्दा, मग नाव. बदली झाली की सामान बांधताना सगळ्यात शेवटी ती उतरायची, जुन्या टॉवेलात गुंडाळली जायची आणि नव्या गावी सगळ्यात आधी लागायची. गॅस नंतर, गाद्या नंतर. सहा गावं त्या प्लेटने पाहिली. ती लावताना खाली स्टूल धरून मी उभी असायची, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, एवढी रुंद आहे, एक ओळ खाली बसली असती की.

मग हा फ्लॅट घेतला. बाईच्या नावावर नोंदणी केली की सरकारी शुल्कात सवलत मिळते, हे यांना कळलं आणि यांच्या हुशारीला धुमारे फुटले. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर झाला. पुढचे सहा महिने आल्यागेल्याला चहाबरोबर ती हुशारी ऐकावी लागली. मीही ऐकून घेतली.

दिवाळीनंतर सोसायटीच्या सचिवांनी फर्मान काढलं. सचिव म्हणजे अतिशय गोड माणूस, नोटीससुद्धा अशी लिहितात की दंड भरून आभार मानावेसे वाटतात. सर्व दारांवर एकाच मापाची पितळी प्लेट, एका प्लेटवर एकच नाव, आणि ते नाव नोंदणीच्या कागदावर असेल त्या मालकाचं. आमच्या यांनी नोटीस उभ्याने वाचली, मग बसून वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय. सचिवांकडे जाऊन आले, तर त्यांनी चहा पाजून सांगितलं की भाईसाहब, आपके लिए जान हाज़िर है, पर नियम तो नियम है।

मी आत स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गालात हसत होते. लेकीला बंगळूरला फोन करून सांगितलं, तर ती हिंदीतच म्हणाली, मम्मी, पापा का तो पत्ता कट गया. मी तिला रागावले, पण फार नाही.

दोन दिवसांनी हे म्हणाले की प्लेटचं मी बघतो, तुझ्या परीक्षा चालल्यात. मला वाटलं, बिचारे समजूतदार आहेत. तिथे मी फसले.

त्या शनिवारी माझ्या वर्गात फळ्यावर शब्द होता 'प्लेट'. दर शनिवारी मी रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द लिहिते आणि त्याची वंशावळ काढते. पोरांना विचारलं, प्लेट कुठे कुठे भेटते? एक म्हणाला बिर्याणीची हाफ प्लेट, दुसरा म्हणाला हाफ नहीं, फुल. एकीच्या आजोबांच्या मांडीत प्लेट होती आणि थंडीत ती दुखायची. कुणाला भूकंपाच्या प्लेटा आठवल्या, कुणाला एक्स-रेची. आजीच्या कवळीलाही एके काळी प्लेट म्हणायचे, हे मी माझ्या पदरचं घातलं.

मग खरी गंमत सांगितली. हा शब्द जेवणाचा नव्हेच मुळी. ग्रीकांच्या भाषेत रुंद, पसरट अशा अर्थाचा एक शब्द होता. तो हिंडत फ्रेंचांकडे आला तेव्हा धातूचा चपटा पत्रा झाला. सरदार लढाईला जाताना अंगावर ठोकून घ्यायचे ते चिलखतही प्लेटच. पुढे इंग्रज बड्या घरात चांदीच्या भांड्यांना सरसकट प्लेट म्हणायला लागले, मग ती सुरई का असेना. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला चांदीचं भांडं मिळायचं, म्हणून काही शर्यतींचंच नाव प्लेट पडलं. फोटो काढायची काच प्लेट, छापायचा पत्रा प्लेट. आणि सगळ्यात मजा म्हणजे जागेला इंग्रज जो 'प्लेस' म्हणतात तोही याच घरातला, ग्रीकांच्या रुंद रस्त्यावरून आलेला. एवढंच काय, आपली पृथ्वीसुद्धा याच कुळातली, लांबची मावसबहीण. पृथु म्हणजे रुंद, पृथ्वी म्हणजे ती पसरलेली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, मॅम, मतलब पृथ्वी एक प्लेट है? मी म्हटलं, भूगोलाच्या पेपरात लिहू नकोस.

हे सगळं यांना सांगायचं म्हणून मी हरखून घरी आले. तेवढ्यात धुवायला टाकलेल्या शर्टाचे खिसे तपासले तर एक चिठ्ठी निघाली. यांचं कोरीव अक्षर. 'प्लेट मॅटर' असं वर लिहून खाली 'मिसेस' आणि आमचं आडनाव. बस्स. नियमही पाळला, मालकीणही आली, आणि माझं नाव पुन्हा भातात गेलं.

माझा पारा असा चढला म्हणता! चिठ्ठी त्यांच्यासमोर धरून विचारलं, हे काय आहे? तर शांतपणे म्हणाले,

"तुझंच तर नाव आहे."

"हे नाव नाही," मी म्हटलं. "ही पोस्टिंग आहे."

हवाई दलाच्या माणसाला याहून सोपं करून मला सांगता आलं नसतं.  मी चिठ्ठी घेतली, पर्स उचलली, आणि दोन ई-रिक्षा बदलून चिनहटला गेले. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी एक कारखानावजा दुकान आहे, तिथे गाड्यांच्या, यंत्रांच्या आणि दारांच्या प्लेटा बनतात; सोसायटीच्या साऱ्या प्लेटा तिथेच टाकल्या होत्या. कारागीर म्हातारा होता. आमच्या यांची ऑर्डर म्हटल्यावर त्याने मान डोलावली. मी म्हटलं, मॅटर बदलायचंय. तो म्हणाला, बोलिए.

 खरं सांगते, नाव तोंडातून निघेना. स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची वेळच कुठे येते? शेवटी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. माहेरचं नाव, मग आडनाव.  म्हाताऱ्याने चिठ्ठी दिव्याखाली धरून अक्षरं मोजली आणि म्हणाला, छोटा नाम है बिटिया, बड़े अक्षर में आएगा। छप्पन्न वर्षांच्या बाईला बिटिया! मी त्याला लखनऊचे सगळे उपाध्यक्ष माफ केले.

प्लेट लागली. यांनीच लावली, लेव्हल लावून, पाण्याचा बुडबुडा मधोमध आणून. काम चोख, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. निळी प्लेट टॉवेलातून काढली, घरभर हिंडवली आणि बाल्कनीत कुंड्यांच्या वर ठोकली. तिथे ती तुळशीला आणि कबुतरांना दिसते. त्यानंतर "अगं"सुद्धा बंद झालं. हवं ते "मीठ कमी आहे", "दूध आलंय" असं हवेत सोडायचे. मी जिंकले होते, पण जिंकून घरात बोलायला कुणी नाही, असली जीत काय चाटायचीय! दोनदा वाटलं, सचिवांचे पाय धरावेत आणि यांचंही नाव बसवावं. तांदळावर माझं नाव पुसलं तेव्हा कुणी कुणाचे पाय धरले होते, असंही वाटलं. माझा राग फार टिकाऊ आहे, लोणच्यासारखा.

मग तो रविवार आला. यांनी कमरेचा पट्टा मागवला होता, स्वतःच्या नावाने. फाटकावरच्या रखवालदाराकडे नवीन यादी होती, ती सचिवांनी नव्या प्लेटांवरून बनवलेली. पार्सलवाला खाली येऊन यांचं नाव सांगतो, आणि रखवालदार यादीवर बोट फिरवून म्हणतो, इस नाम का यहाँ कोई नहीं रहता। यांना फोन आला. यांनी समजावलं, नंतर दरडावलं, मग फोनची बॅटरी गेली. तेव्हा हे बाल्कनीत गेले आणि वरूनच ओरडून सांगू लागले की अरे मी इथे राहतो, मीच तो. रखवालदार खालून अदबीने विचारतोय की साहब, आप किसके यहाँ रहते हैं?

मी आत भाजी परतत होते. कान बाहेर. पार्सलवाला निघायच्या बेतात, यांनी एकदा निळ्या प्लेटकडे पाहिलेलं मला खिडकीतून दिसलं. मग कठड्याला धरून छाती भरून घेतली, आणि परेडवर देतात तसल्या आवाजात माझं नाव घेतलं. पूर्ण. माहेरचं नाव आणि आडनाव, एक अक्षर न गाळता. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. कबुतरं उडाली.

पट्टा वर आला. हे तो हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. माझी पाठ त्यांच्याकडे होती आणि ती मी वळवणार नव्हते, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

"कुणाला हाका मारत होता एवढ्या?" मी म्हटलं.

 कढईत भाजी चरचरत होती. मग त्यांनी नाव घेतलं, या वेळी हळू, आडनाव न लावता, लग्नानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यात घेतलं होतं तसं.

भाजी खाली लागत होती. लागू दे म्हटलं, आणि ओ दिली.