मागच्या सीटची टेस्ट ड्राइव्ह

आमचे शेठ गाडीत मागच्या सीटवर ताठ बसले होते आणि त्यांच्या कपाळाला बाशिंग बांधलेलं होतं. खऱ्या लग्नातलं, जरीचं, वर तुरा असलेलं. गाडी घ्यायला आलेले बाळारामभाऊ दाराबाहेरून आत वाकले होते आणि बाशिंगाचा तुरा आणि गाडीचं छत यांच्यामध्ये बोटं घालून बघत होते.

"दोन बोटं जागा ऱ्हायली," ते म्हणाले. "शेठ, मान नका पाडू. नवरदेव असा बसत नाय."

"नवरदेव कसा बसतो ते मला माहीत आहे. माझं लग्न झालंय," शेठ म्हणाले. पण मान वर केली.

हायवेवरून जाणारा एक टेम्पो मुद्दाम हळू झाला. ड्रायव्हरने लांब हॉर्न वाजवून शेठचं अभिनंदन केलं. मी स्टिअरिंगवर बसले होते. हसू येऊ नये म्हणून डॅशबोर्डवरची बटणं नव्यानेच दिसल्यासारखी वाचत होते.

मी जुन्या गाड्या तपासते. शहापूरच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झाले आणि आता आसनगावच्या बाजूला, हायवेला लागून असलेल्या यार्डात काम करते. यार्ड म्हणजे जुन्या गाड्या विकत घेऊन ठेवायची आणि पुढे विकायची जागा. गाडी आली की तिच्याखाली झोपायचं, वरून बघायचं, चालवायची आणि काय धड आहे, काय नाही ते शेठना सांगायचं, हे माझं काम. गिऱ्हाईक आलं की विचारतं, "तपासणारे साहेब कुठे आहेत?" मी हात पुसत म्हणते, "बोला." मग ते परत शेठकडे बघतं. मला याची सवय झाली आहे, त्यांनाही होईल.

ज्या गाडीत शेठ नवरदेव होऊन बसले होते तिला आमच्या धंद्यात एक्झिक्युटिव्ह कार म्हणतात. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी. अशा गाडीत मालक मागे बसतो, म्हणून बनवणाऱ्याने सगळी माया मागच्या सीटवर केलेली असते. पाय पसरायला जागा, मागच्यांसाठी वेगळा एसी, बसल्यावर माणूस आपोआप टेकतो अशी पाठ. नवी असताना या गाडीची किंमत ऐकून लोक विषय बदलतात. काही वर्षांनी तीच गाडी एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते, कारण साहेब लोकांना जुनी नको असते आणि बाकीच्यांना तिच्या पेट्रोलची धास्ती असते.

आमच्या भागात तर तिला कुणी विचारत नव्हतं. इथे चालते ती सेव्हन सीटर. सेव्हन सीटर म्हणजे दहा माणसं, दोन गोणी तांदूळ आणि कुणाच्यातरी मांडीवर कोंबडा. ही गाडी लांब आणि जमिनीला टेकलेली. पावसाळाभर यार्डात उभी राहिली. शेठ रोज सकाळी आल्या आल्या विचारायचे, "हत्तीण गेली का?"

बाळारामभाऊ धसईचे. मुरबाड तालुक्यात नवरदेवाची गाडी म्हटली की त्यांचं नाव निघतं. माझ्या मामेबहिणीलाही त्यांनीच सासरी पोचवलं होतं. त्यांची जुनी गाडी गेल्या सीझनच्या शेवटी बसली ती उठलीच नाही. तेवढ्यात शेणव्याच्या एका ड्रायव्हरने सनरूफवाली उंच एसयूव्ही आणली. सनरूफ म्हणजे छताला असलेली सरकती काच. नवरदेव तिच्यातून कमरेपर्यंत बाहेर येऊन उभा राहतो, खाली बेंजो वाजतो, समोर एकजण मोबाइल धरून उलटा चालत असतो. एकेक करून बुकिंगा तिकडे गेल्या.

त्यांच्याकडे एकच लग्न उरलं होतं, आणि तेही अर्धवट. धसईजवळच्या एका गावच्या पोलीस पाटलांच्या मुलाचं. नवरी शेणव्याची. पाटील बाळारामभाऊंना म्हणाले होते, "रविवारी गाडी दारात आणून दाखव. पोराला पटली तर तुझी, नायतर सनरूफवाल्याला सांगतो." पाटलांकडचं लग्न म्हणजे आजूबाजूचे सगळे गाव जेवायला येणार. तिथे जी गाडी दिसते ती पुढचा सीझन चालते. ते गेलं असतं तर बाळारामभाऊंना या वयात मुरबाडच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन व्हावं लागलं असतं. हे त्यांनी स्वतः सांगितलं, चहा पिता पिता, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मला फार वाईट वाटलं.

शेठनी आधी त्यांना एसयूव्हीच दाखवली. "ही घ्या. वर काच उघडते. सध्या हेच चालतं."

"चालतं ना. पन नवरीला चढाला लागतं, शेठ. शालू, हातभर चुडा, डोक्यावर पदर. तिला खालून दोघं उचलतात नि वरून एक ओढतो. पोतं चढवल्यासारकं."

"चढली की झालं ना पण."

"नाय झालं. सकाळपासून तिच्या पोटात कायबी नसतं. हळदीची जागरनं, होमाचा धूर, रडून रडून डोकं चढलेलं. अन् उंच गाडी वळनाला डुलते. मी तीन नवऱ्या ओकताना बगितल्यात. दोष गाडीचा, नाव नवरीचं. गाव वर्षभर तेच बोलतं." मग ते हत्तिणीपाशी गेले, मागचं दार उघडलं आणि आत नुसतं बघत राहिले. "ही बगा. ही खाली बसते, मागं रुंद हाय. नवरीला रडाला जागा पायजे, शेठ. कोपर मारून मारून रडता येत नाय."

कंप्रेशन, क्लच, टायर, अपघात झालाय का, रंग परत मारलाय का, हे सगळं बघूनच गाडी घ्यावी असं मी लोकांना इतकी वर्षं सांगत आले. रडायच्या जागेचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरच्या बायकांना घेऊन येतो म्हणून ते गेले आणि मी गाडी रॅम्पवर घेतली. इंजिन छान होतं. साहेबांनी गाडी जपली होती, म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरने जपली होती. पण मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले होते. शॉकअप म्हणजे चाकाजवळची नळी. खड्ड्यात गाडी उडाली की तिला लगेच शांत करणं हे तिचं काम. आतलं तेल गळालं की गाडी उडते आणि उडतच राहते. मागे वजन पडलं की तळ रस्त्याला घासतो. साहेब मागे एकटेच बसत असणार, त्यामुळे कुणाला कळलं नसेल.

मी शेठना सांगितलं.

"विचारलं तर सांगू," शेठ म्हणाले.

"शेठ, यात चौघं बसणार आहेत. नवरा, नवरी, करवली आणि पाठराखीण."

"कागदावर मागे तिघांची जागा आहे."

"लग्नात कागद कोण बघतो?"

"तू फक्त गाडी चालव, ज्योती. बोलायचं काम माझं."

म्हणून मी गाडी चालवली. बाळारामभाऊ बायकोला, मेहुणीला आणि आत्याबाईंना घेऊन आले होते. सोबत पिशवीत घरचं बाशिंग. पाटलांचा मुलगा उंच होता, त्यामुळे त्यांना नवरदेवाच्या जागी उंच माणूस हवा होता. यार्डात उंच एकटे शेठच. हत्तीण जाणार या आशेने माणूस काय काय करतो ते मी त्या दिवशी बघितलं. वहिनी शालू नेसून नवरीच्या जागी बसल्या, मेहुणी करवली झाली, आत्याबाई पाठराखीण. बाळारामभाऊ माझ्या शेजारी बसले, पण उलटे वळून, नजर सतत मागे.

आम्ही किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. हायवे सोडल्यावर चांगल्या रस्त्यावर गाडी अशी चालली की आत्याबाई म्हणाल्या, "घरात बसल्यासारकं वाटतं गो." शेठनी बाशिंगातून आरशात माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं.

मग गावाबाहेरचा ब्रेकर आला. आमच्याकडे गावोगावचे ब्रेकर गावकऱ्यांनी स्वतः घातलेले असतात. कुणाची शेळी गाडीखाली गेली की त्या रागाच्या मापाचा ब्रेकर होतो. या गावचा राग बराच असावा. मी पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू गाडी घेतली. पुढची चाकं उतरली, मागची चढली आणि उतरताना तळ रस्त्यावर घासला. खर्र करून लांब आवाज झाला. मागचा भाग वर उडाला, परत खाली बसला, परत उडाला. शेठचं बाशिंग छताला आपटून नाकावर आलं.

"अरे, हिचे शॉकअप गेलेत," शेठ बाशिंगाच्या आतून म्हणाले.

मी फक्त गाडी चालवली, मला तेच सांगितलं होतं.

बाळारामभाऊंनी हात लांब करून शेठचं बाशिंग सरळ केलं. "आता?" त्यांनी विचारलं.

वाटलं होतं शेठ काहीतरी सबब काढतील. पण वहिनी आणि आत्याबाईंच्या मध्ये बसून, मांडीवर शालूचा पदर घेऊन माणसाला फार खोटं बोलता येत नसावं. "बदलून देतो," ते म्हणाले. "दोन्ही. माझ्याकडून. आणि स्प्रिंगमध्ये रबर घालून मागून जरा उंच करून देतो. ज्योती, करशील ना शनिवारपर्यंत?"

सामान कल्याणहून आलं आणि मी शनिवारी काम संपवलं. मग यार्डातल्या सगळ्यांना मागे कोंबून त्याच ब्रेकरवर जाऊन आले. या वेळी गाडी घासली नाही.

रविवारी बाळारामभाऊ मला सोबत घेऊन गेले. कुणी गाडीतलं काही विचारलं तर सांगायला. पाटलांच्या अंगणात वीसएक माणसं जमली होती. पाटलांनी बॉनेटवर हात फिरवला, टायरला लाथ मारली आणि समाधानाने मान हलवली. नवरदेव योगेश मात्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारून छताकडे बघत उभा राहिला.

"काच नाय वर?"

"सनरूफ असलं की छत आतून खाली येतं," मी सांगितलं. "त्याची सगळी यंत्रणा छतातच बसवलेली असते. मागे बसलात तर बाशिंग अडेल."

"मी बसणारच नाय. उभा राहणार."

"सरळगावच्या पुढं वारा बगितला काय?" बाळारामभाऊ म्हणाले. "बाशिंग भाताच्या शेतात शोधावं लागल."

लोक हसले, योगेश हसला नाही. त्याच्या मित्रांची लग्नं सनरूफने झाली होती, त्यांची रीलं त्याने पाहिली होती. पोराचा चेहरा पडलेला बघून पाटील बाळारामभाऊंकडे वळले आणि घसा साफ करू लागले. घसा साफ करून माणूस काय बोलतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. बाळारामभाऊंनी किल्ली खिशात टाकली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

योगेशने तेवढ्यात नवरीला व्हिडिओ कॉल लावला. तिचं नाव प्राजक्ता, प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. त्याला वाटलं ती त्याची बाजू घेईल. म्हणून त्याने मोबाइल सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला आणि आधी गाडी दाखवली, मग शेणव्याच्या ड्रायव्हरने पाठवलेले एसयूव्हीचे फोटो पाठवले.

"मागची सीट दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवली.

"पाय लांब होतात?"

"व्हतात, बाय," बाळारामभाऊ लांबूनच म्हणाले.

"मला गाडी लागते," ती म्हणाली. "किन्हवलीला बसने जाते तरी लागते. तू त्या दुसऱ्या गाडीत वर उभा राहणार ना?"

"हो. सगळे राहतात."

"अन् मी खाली बसणार. शेणव्यापासून धसईपर्यंत मी माहेर सोडून येणार, अन् माझ्या तोंडासमोर काय, तर तुझी पँट?"

पाटलांना अचानक आंब्याच्या झाडावर काहीतरी बघायचं होतं. योगेशच्या आईने पदर तोंडाला लावला.

"मला माणूस शेजारी पायजे," प्राजक्ता म्हणाली. या वेळी तिचा आवाज जरा हलका झाला होता. "रील उतरल्यावर कर ना रे. मांडवात कर. कितीपण कर."

योगेश कान लाल करून म्हणाला, "बरं." मग मोबाइल खिशात ठेवून बाळारामभाऊंना म्हणाला, "काका, हीच आना."

लग्नाला मी गेले नाही, त्या दिवशी यार्डात तीन गाड्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाळारामभाऊंचा फोन आला. प्राजक्ता किन्हवलीपर्यंत पोटभर रडली. सरळगावला चहा मागितला. मग पाठराखणीच्या खांद्यावर झोपली ती गावची कमान येईपर्यंत. उलटी नाही, काही नाही. योगेश सगळा रस्ता तिचा पदर दाराच्या फटीत जाऊ नये म्हणून धरून बसला होता. बाळारामभाऊ हे सांगताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "ताई, मे महिन्यापर्यंत डायरी भरली." मला इतका आनंद झाला की मी शेठना चहा पाजला.

त्यानंतर मी एक नियम केला. टेस्ट ड्राइव्हला एकटा माणूस आला की त्याला परत पाठवते. घरच्यांना घेऊन या, मागे बसवा, गाडी भरा, मग बघू. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते. आणि ज्याला स्टिअरिंग हातात मिळतं त्याला मागे काय चाललंय ते कळत नाही. शेठ म्हणतात, यामुळे गिऱ्हाईकं तुटतात. तुटतात हे खरं आहे. पण जी राहतात ती विकलेली गाडी घेऊन भांडायला परत येत नाहीत, आणि तेवढा वेळ मला गाडीखाली झोपायला मिळतो.